मदत हवी आहे: कारागृहातल्या ग्रंथालयात देवघेव कशी बसवू? (कोल्हापूर)

पानखूण

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरची. शिवाजी विद्यापीठातून ग्रंथालयशास्त्र केलं, नंतर काही वर्षं एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते. गणपतीच्या आधी एका संस्थेमार्फत, कंत्राटावर, कारागृहातल्या ग्रंथालयाचं काम घेतलंय. कुठलं कारागृह ते विचारू नका, करारात तशी अट आहे. सुरक्षेचे प्रश्न आतल्या लोकांनाच विचारते, ते चांगलं सांभाळून घेतात. मला इथं पुस्तकांचं विचारायचंय.

एक खोली, लोखंडी कपाटं आणि दाखलनोंद वही, एवढा संसार. पुस्तकं कमी नाहीत. पण बरीचशी दानातली, म्हणजे लोकांनी दिवाळीला माळा आवरताना दिलेली: जुन्या अभ्यासक्रमाची गाईडं, तीन भागांच्या कादंबरीचा फक्त दुसरा भाग, एकाच पोथीच्या ढीगभर प्रती. (पोथ्यांना मागणी आहे, श्रावणात तर पुरल्या नाहीत. ती तक्रार नाही.)

खरी अडचण अशी की वाचक कपाटापर्यंत येतच नाही. शिक्षा लागलेले बंदी ठरलेल्या वेळी येतात, पुस्तक हातात घेऊन चाळतात, परत ठेवतात, दुसरं काढतात. न्यायाधीन बंदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालू आहे ते, संख्येनं कितीतरी जास्त. त्यांना बरॅकमधून इथवर आणायला सोबत माणूस लागतो, आणि तो माणूस कोर्टाच्या तारखा, मुलाखती, दवाखाना या सगळ्यातून मोकळा झाला तर. मग त्यांच्या चिठ्ठ्या येतात. 'चांगलं पुस्तक द्या.' 'लढाईचं द्या.' 'मोठ्या अक्षराचं द्या, देवाचं नको.' मी अंदाजानं काहीतरी पाठवते. ग्रंथालयशास्त्रातल्या रंगनाथनांचा 'वाचकाचा वेळ वाचवा' हा नियम आम्ही परीक्षेत घोकला होता. इथं वाचकाकडं वेळच वेळ आहे, तो नाही पुस्तक नेणाऱ्या हवालदारांकडं.

त्यात दिलेलं पुस्तक परत येईलच असं नाही. माणूस जामिनावर सुटतो, दुसऱ्या कारागृहात जातो, बरॅक बदलते. पुस्तक कुठं गेलं याचा पत्ता नाही. ही देवघेव कशी बसवायची?

दुसरं, सगळ्यात जास्त चिठ्ठ्या कायद्याच्या पुस्तकांसाठी येतात आणि कपाटात आहे ती पिवळी पडलेली दंड संहिता. काय मागवू? कुणी काय वाचलं याची यादी उद्या कुणी मागितली तर द्यायची का, हेही डोक्यात आहे. अजून कुणी मागितलेली नाही. आणि एकानं कवितांची वही दाखवली, 'मॅडम, हे बाहेर छापून येईल का' म्हणाला. मी 'बघते' म्हटलंय. त्या 'बघते'चं काय करू?

---

सूचीकार

व्यक्तीला पुस्तक देणं थांबवा, बरॅकला द्या. कायद्याची आणि अभ्यासाची पुस्तकं सोडून बाकी सगळं.

पेटी करायची. तीस-चाळीस पुस्तकं, वर यादी चिकटवलेली. पेटी बरॅकमध्ये पंधरा दिवस राहील, मग पुढच्या बरॅकला. नोंद पेटीची ठेवायची, माणसाची नाही. सुटणारा माणूस पुस्तक शेजाऱ्याच्या हातात देऊन जातो आणि पुस्तक पेटीतच राहतं. ही कल्पना माझी नाही. सयाजीरावांनी 1910 साली बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बडोद्याला आणला, तेव्हा गावोगाव फिरत्या पेट्या याच तत्त्वावर गेल्या. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' योजनाही पेट्यांचीच. त्यांच्याशी बोला.

पेटी भरताना एक पथ्य पाळा: नको असलेलं खपवायला पेटी वापरू नका. दिवाळी अंक भरपूर घाला. लेख छोटे असतात, मोठ्यानं वाचता येतात, पान फाटलं तरी जीव हळहळत नाही. जानेवारी उलटला की सार्वजनिक वाचनालयांत जुन्या अंकांचे गठ्ठे पडून असतात. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासूनचं आहे, तिथं आणि पेठांमधल्या छोट्या वाचनालयांत रीतसर पत्र घेऊन जा. पत्र तुमच्या नावानं नको, अधीक्षकांच्या सहीनं.

डेव्ही दशांश (विषयाला आकडा देऊन पुस्तकं लावायची पद्धत) बाहेरच्या जगासाठी ठेवा. डेव्हीत तुरुंगांचा आकडा 365 आहे, वर्षाचे सगळे दिवस, एवढाच त्याचा इथं उपयोग. पुस्तकाच्या कण्याला रंगीत पट्टी लावा: कथा लाल, इतिहास हिरवा, आरोग्य-शेती पिवळा, असं काहीतरी. चिठ्ठीवर 'लाल, मोठं अक्षर' एवढं आलं तरी तुमचं काम झालं.

---

जुना_खाकी

ताई, कारागृह खात्यातनं रिटायर झालोय, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

जामिनाचा कागद येतो सांजच्याला. सकाळी बरॅकीत डाळ-भात खाल्लेला माणूस रातच्याला घरात असतो. त्या गडबडीत त्याला चप्पल घालायची शुद्ध नसती, तो तुमचं पुस्तक जमा करायला यील व्हय? सूचीकार म्हणत्यात ते बेस हाय. त्याच्या जोडीला गेटजवळ, जिथं सुटणाऱ्याचं सामान परत देत्यात, तिथं एक पेटी ठिवा. 'पुस्तक इथं टाका' एवढंच लिवा. पण एक ध्यानात ठिवा, पुस्तक बाकी हाय म्हणून कुणाची सुटका पाच मिन्टं बी थांबता कामा नये. असला नियम कुणी सुचवला तर तिथंच मोडून काढा. पन्नास रुपयाच्या पुस्तकापायी माणूस आत ठिवायचा नसतो.

दुसरं, जाड पुठ्ठ्याची, पोकळ कण्याची पुस्तकं घिऊ नका. झडतीत फाडावी लागत्यात, मग शिपाई वैतागतो आणि सगळ्याच पुस्तकांवर राग काढतो. पातळ कव्हर, दोऱ्यानं शिवल्यालं घ्या. पिना आणि स्पायरल बाहेरच काढून टाका. पेटी आत जायच्या आधी तुम्हीच एक-एक पान झाडून दाखवा. चार वेळा असं केलं की पोरं तुमच्या पेटीला हात बी लावायची न्हाईत.

आणि त्या कवितेच्या वहीचं. तुमच्या पर्समधनं कागदाचा कपटा सुद्धा बाहेर न्यायचा न्हाई. चिठ्ठी न्हाई, कविता न्हाई, फोन नंबर तर न्हाईच न्हाई. माया वाटली तरी न्हाई. एकदा का नेलं की तुमची नोकरी जाती, ग्रंथालय बी बंद पडतंय, आणि त्यो बिचारा अडचणीत येतो त्यो वेगळाच.

---

करवीरवकील

जुना_खाकी यांना शंभर टक्के अनुमोदन. पण वही बाहेर जाऊच शकत नाही असा अर्थ कुणी काढू नये. बंद्यानं अधीक्षकांकडे अर्ज करायचा, वही तपासून रीतसर जाते. यावर सर्वोच्च न्यायालयाचा 1965 चा निकाल आहे आणि तो मराठी पुस्तकावरूनच झालेला आहे. प्रभाकर संझगिरी मुंबईत स्थानबद्ध असताना त्यांनी अणूवर विज्ञानाचं पुस्तक लिहिलं. हस्तलिखित छपाईला पाठवायला सरकारनं नकार दिला. उच्च न्यायालयानं परवानगी दिली, सरकार अपिलात गेलं आणि हरलं. स्थानबद्धतेच्या अटींत पुस्तक लिहायला आणि प्रकाशित करायला मनाई नव्हती, मग तुम्ही ती नव्यानं कशी घालता, असा मुद्दा होता. शिक्षा झालेल्या बंद्याचं प्रकरण तंतोतंत तसं नाही, तरी अर्जात उल्लेख करायला उपयोगी.

कायद्याची पुस्तकं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहेत. तिन्ही मराठीत, पातळ आवृत्तीत घ्या. पण ती पिवळी दंड संहिता रद्दीत घालू नका! गुन्हा त्या तारखेच्या आधीचा असेल तर कलम जुनंच लागतं, आणि आत असे बरेच असतील. जुन्या-नव्या कलमांचा तक्ता प्रत्येक पेटीत ठेवा. खून 302 चा 103 झाला, फसवणूक 420 ची 318.

सगळ्यात जास्त वाचलं जाईल ते नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या न्यायाधीन बंद्यानं त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडायचं, इतरांना निम्म्या काळानंतर. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेल्या गुन्ह्यांना हे लागू नाही, एकापेक्षा जास्त खटले असतील तरी अडतं. ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे कलम जुन्या प्रकरणांतल्या न्यायाधीन बंद्यांनाही लागू केलं. ही माहिती एका पानावर सोप्या मराठीत लिहून लावा. 'मला लागू होतं का' असं कुणी विचारलं तर उत्तर तुम्ही द्यायचं नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे वकील असतात, कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तुम्ही पुस्तक द्या, सल्ला त्यांना देऊ दे.

आणखी एक. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं, त्यामुळं सहा जिल्ह्यांचे अर्ज आता मुंबईला जात नाहीत. जुन्या पुस्तकांतल्या अर्जाच्या नमुन्यांवर मुंबईचा पत्ता असेल, तो दुरुस्त करून ठेवा.

---

ताराराणी_चौक

गुन्हेगारांना पुस्तकं, पेट्या, कविता! ज्यांचं नुकसान झालं त्यांना कोण देतंय पुस्तकं?

---

करवीरवकील

न्यायाधीन म्हणजे ज्याचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असा माणूस. आणि प्रत्येक कारागृहात सर्व प्रकारच्या बंद्यांसाठी ग्रंथालय असावं हे संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या मंडेला नियमांतलं 64 क्रमांकाचं कलम आहे. पीडितांसाठी वेगळा धागा काढा, तिथंही लिहितो.

---

सूचीकार

कुणी काय वाचलं त्या यादीचं राहिलं होतं. कायद्याची पुस्तकं व्यक्तीच्या नावावर द्यावी लागतील, पण संगणकावर नको. जुनी ब्राउन पद्धत आठवते ना? पुस्तकाचं कार्ड वाचकाच्या खिसापत्रात (त्याच्या नावाच्या छोट्या पाकिटात) घालायचं, पुस्तक आलं की कार्ड परत पुस्तकात. पुस्तक कुणाकडं आहे ते आज कळतं, गेल्या महिन्यात कुणाकडं होतं ते कळत नाही.

---

जुना_खाकी

पण साहेबांनी यादी मागितली तर तोंडावर न्हाई म्हणू नका, त्यांची बी कारणं असत्यात. आज कुणाकडं काय हाय ते दाखवा. मागचं नसंलच तर कुठनं देणार?

---

रंकाळा_फेरी

पानखूणताई, 'मोठ्या अक्षराचं द्या' ही चिठ्ठी कुणाची ते बघा. चाळिशी ओलांडलेला असणार. माझे काका ऑप्टिशियन आहेत, ते म्हणतात की 'वाचता येत नाही' म्हणणाऱ्यांत चष्मा नसलेले खूप असतात. आधी डोळे तपासणीचं शिबिर घ्या, मग पुस्तकं मागवा. प्लास्टिकच्या फ्रेमचे तयार चष्मे फार महाग पडत नाहीत. खरंच निरक्षर असतील त्यांच्यासाठी केंद्राचा उल्लास साक्षरता कार्यक्रम आहेच.

---

पानखूण

सगळ्यांचे आभार. ताराराणी_चौक, तुमचेही, कारण हाच प्रश्न मला घरात रोज विचारला जातो.

अधीक्षकांशी बोलले. पेट्यांना होकार मिळालाय, सुरुवात दोन बरॅकपासून. गेटवरच्या पेटीला जागा बघतो म्हणालेत. झडतीची तयारी जुना_खाकी काकांनी सांगितली तशीच करतेय, सुभेदारांनी पिना काढायला दोन माणसं दिली. वहीबद्दल त्या बंद्याला अर्ज करायला सांगितलं. त्याचं तोंड पडलं, पण मी वही हातातही घेतली नाही. चष्म्यांचं मला सुचलंच नव्हतं. शिबिरासाठी दवाखान्याच्या डॉक्टरांना विचारलंय, त्यांचं उत्तर यायचंय.

सूचीकार, तुमच्या रंगीत पट्ट्यांवर एक अडचण आलीय. लाल आणि हिरवा ओळखू न येणारा एक जण पहिल्याच दिवशी भेटला! त्यामुळं पट्टीवर चित्रं काढतोय, इतिहासाला तलवार, शेतीला बैल. कथेला काय काढावं यावर दोन शिक्षाबंद्यांचं भांडण चालू आहे.

आता एक नवीन मागणी. बेळगाव, निपाणी, चिकोडीकडचे बरेच जण आहेत. बोलतात मराठी, पण अक्षर कन्नडच येतं. त्यांच्या पेटीत घालायला माझ्याकडं एकही कन्नड पुस्तक नाही आणि मला स्वतःला कन्नड वाचता येत नाही. गोष्टीची, सोप्या भाषेतली, पातळ कव्हरची पुस्तकं कुठं मिळतील, आणि यादी कुणी तपासून देईल का? विपुत (माझ्या विचारपुशीत) कळवलं तरी चालेल.

---

चिकोडीकर

यादी मी बघतो. पुस्तकं घ्यायच्या आधी पाठवा.