‘बंद पडलेली’ की ‘बंद केलेली’? आणि जीर्णोद्धार कशाकशाचा होतो?

मीनल_पुणे: एका मासिकासाठी जुन्या ऑपरेटिंग सिस्टिम्सवरचा लेख मराठीत करतेय. ‘बी’ कंपनीची मालमत्ता 2001 मध्ये पाम कंपनीने घेतली आणि ‘बी’ची बीओएस ही सिस्टिम तिथेच थांबली. त्याच वर्षी चाहत्यांनी ओपनबीओएस नावाने काम सुरू केलं, 2004 मध्ये त्याचं नाव हायकू झालं. मी लिहिलं, ‘बंद पडलेल्या बीओएसचा जीर्णोद्धार’. संपादकांनी ‘बंद पडलेल्या’च्या जागी ‘कालबाह्य’ घातलंय आणि समासात लिहिलंय, ‘जीर्णोद्धार देवळाचा होतो’. काय ठेवू?

गिरणगावकर: कालबाह्य तर मुळीच नको. मायक्रोसॉफ्टची जुनी सिस्टिम एमएस-डॉस जाणार म्हणून तिला पर्याय म्हणून 1994 मध्ये सुरू झालेला फ्रीडॉस पुढे कितीतरी नव्या लॅपटॉपांवर घालून विकला गेला. आणि ‘बंद पडली’, ‘बंद केली’, ‘बंद पाडली’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. 1982 च्या संपानंतर गिरणी ‘बंद पडली’ असं कोणी म्हणालं की आमचे वडील ‘पडली नाही, पाडली’ म्हणून तिथल्या तिथे अडवायचे. ओपनसोलारिस ही सिस्टिम 2010 मध्ये ओरॅकल कंपनीने बंद केली, असंच लिहा. क्रियापदाच्या आड कर्ता लपवू नये.

शब्दांकित: ‘जीर्णोद्धार’ काढा, पण कारण वेगळं. उद् + हृ म्हणजे वर काढणे. वर काढायला आधी जीर्ण का होईना, वास्तू हवी. हायकूवाल्यांच्या हाती बीओएसचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आलाच नाही. ट्रॅकर (फाइली दाखवणारा भाग) आणि डेस्कबार (चालू प्रोग्रॅमांची पट्टी) यांचा कोड ‘बी’ने आधीच खुला केला होता, तो मिळाला. कर्नल न्यूओएस नावाच्या दुसऱ्याच प्रकल्पातून घेतला. हे पुनर्लेखन झालं. इल्युमॉस या प्रकल्पाने ओपनसोलारिसचाच कोड पुढे चालवला, तिथे जीर्णोद्धार शोभेल.

सरोज_नाशिक: व्युत्पत्ती मान्य, पण लोक तसं बोलत नाहीत. सोमनाथचं 1951 चं मंदिर पूर्ण नव्याने उभारलेलं, तरी जीर्णोद्धारच म्हणतात ना? देव आणि जागा तीच असली की पुरे.

जुना_प्रोग्रॅमर: सरोजताईंशी सहमत. बीओएसची फुकट आवृत्ती 2000 मध्ये आली, ती विंडोजच्या आत एक मोठी फाइल बनून बसायची. मी ती पुष्कळ वापरली. खिडकीच्या डोक्यावरची ती अर्धीच पिवळी पट्टी, आणि प्रत्येक ईमेल म्हणजे एक स्वतंत्र फाइल, पाठवणाऱ्याचं नाव त्या फाइलीलाच चिकटलेलं. फोल्डर उघडला की रकान्यांत सगळं दिसायचं. हायकूत हे सारं तसंच आहे. 32-बिट हायकूवर बीओएसचे जुने प्रोग्रॅमही चालतात. ‘पुनर्लेखन’ म्हटलं की एका वहीतलं दुसऱ्या वहीत उतरवल्यासारखं वाटतं. हे काम त्याहून फार मोठं आहे.

शब्दांकित: मग ‘पुनर्निर्मिती’ म्हणा. आणि मीनलताई, लेखात ‘ओपन सोर्स’ ठेवू नका, ‘मुक्तस्रोत’ हा चांगला शब्द आपल्याकडे आहे.

जुना_प्रोग्रॅमर: चांगला आहे, पण नेमका नाही. मुक्त वेगळं, खुलं वेगळं. मायक्रोसॉफ्टने 2014 मध्ये एमएस-डॉसच्या पहिल्या आवृत्त्यांचा कोड कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममार्फत दिला, तो वाचायला खुला होता, हवा तसा वापरायला नव्हता. 2018 मध्ये एमआयटी परवाना लावला तेव्हा मुक्त झाला. एकाच शब्दात दोन्ही कोंबलं तर हा फरक वाचकाला कळणार कसा?

गिरणगावकर: आमच्या ऑफिसात सगळे ‘ओपन सोर्स’च म्हणतात. तेच ठेवा.

सरोज_नाशिक: ‘मुक्तस्रोत’ लिहिलंत तर निदान ‘स्त्रोत’ होऊ देऊ नका. धातू स्रु आहे, त्यात त कुठून आला?

मीनल_पुणे: आमच्या मुद्रितशोधकांनी आत्ताच तो त घातलाय! पण मथळ्याचं काय? अंक उद्या छपाईला जातोय.

शब्दांकित: त काढायला लावा, आजच. ‘सहस्त्र’सुद्धा असंच रूढ होऊन बसलंय.

गिरणगावकर: रूढ झालं असेल तर चूक कसं?