हॉलमध्ये आई झोपलेली असताना मेकॅनिकल कीबोर्ड चालवावा का?

भांडुपकर
आमचं भांडुपला वन बीएचके. बेडरूममध्ये दादा-वहिनी आणि त्यांचं पिल्लू, हॉलमध्ये आई आणि मी. क्लायंट अमेरिकेतला, त्यामुळे काम संध्याकाळी साडेसहा ते रात्री तीन. आईची गादी माझ्या टेबलापासून पाच फुटांवर.

गेल्या वर्षी हौसेने मेकॅनिकल कीबोर्ड घेतला, म्हणजे प्रत्येक बटणाखाली वेगळा स्प्रिंगचा स्विच असलेला. स्विच निळे, दर दाबाला मुद्दाम क्लिक करणारे. तिसऱ्या रात्री आई अंधारात उठून बसली. "अरे, लाह्या फोडतोयस का?" तो विकला, लाल स्विचचा घेतला. लाल म्हणजे शांत, असं जो तो सांगतो. अर्धसत्य आहे. क्लिक गेला, पण बटण तळाला आपटतं तो ठक आणि वर येऊन टेकतं तो टक, दोन्ही जागच्या जागी. कीकॅपखाली, म्हणजे बटणाच्या टोपीखाली, रबरी रिंगा घातल्या. त्यांनी खालचा ठक दबला, वरचा टक राहिलाच.

आता सायलेंट स्विच टाकलेत. यांच्या पोटातच दोन्ही टोकांना रबराचा तुकडा असतो. चेरी कंपनीच्या साध्या लाल स्विचचा वरून तळापर्यंतचा प्रवास ४ मिमी, सायलेंट लालचा ३.७, कमी झालेली जागा त्या रबराने खाल्लेली. आवाज खरंच पडला. बदल्यात बोटाला जरा इडली दाबल्यासारखं वाटतं, ते मी सोसतो.

माझं म्हणणं, माणसांच्या घरात मेकॅनिकल चालतो, फक्त स्विच सायलेंट हवा. पटत नसेल त्यांनी बोला.

मेंब्रेनवादी
नाही पटत. आधी ढोल विकत आणायचा, मग त्यावर उशी बांधायची. ऑफिसात मिळतो तो रबराच्या पडद्याचा साधा कीबोर्ड आणा, नाहीतर लॅपटॉपचाच वापरा. शेवटी इडलीच दाबायची आहे तर स्वस्तातली दाबा.

भांडुपकर
साध्याचं बटण जवळजवळ तळापर्यंत गेल्याशिवाय अक्षर उमटत नाही. मेकॅनिकलचं साधारण अर्ध्या वाटेवर उमटतं. हलक्या हाताने टाइप केलं तर आपटायची गरजच नाही.

मेंब्रेनवादी
अर्ध्या वाटेवर थांबणारा माणूस मला एकदा दाखवा. रात्री दोन वाजता बग सापडल्यावर तुम्ही एंटर कसा मारता ते तुमच्या आईंनाच विचारतो.

पेचकस
दोघंही स्विचवरून भांडताय आणि टेबलाकडे कोणी बघत नाही. भांडुपकर, तुमचं टेबल भिंतीला ठोकलेलं फोल्डिंगचं आहे का? असलं तर तो प्लायचा ढोल आहे. कीबोर्ड मांडीवर चादरीची घडी करून ठेवा आणि तेच वाक्य पुन्हा टाइप करा. जेवढा आवाज कमी झाला तेवढा टेबलाचा. चिरका क्लिक बंद दाराला अडतो, पण धप्प धप्प आवाज लाकडातून, भिंतीतून पलीकडे जातो.

दुसरा चोर स्पेसबार. लांब बटण डुगडुगू नये म्हणून त्याखाली तारेचा स्टॅबिलायझर असतो. ती तार कोरडी असली की खुळखुळते. स्पेसबार काढून तारेच्या टोकांना ग्रीस लावा. थोडंच, माखायचं नाही. आणि केस पोकळ प्लास्टिकची असेल तर आत पातळ फोमचा तुकडा बसवा.

कीबोर्डवाल्याची बायको
मी पलीकडच्या बाजूने बोलते. लालबाग, दहा बाय बाराची खोली, नवऱ्याचा कीबोर्ड 'सायलेंट'. हा शब्द खोक्यावर छापलेला असतो, झोपणाऱ्याला विचारून छापत नाहीत.

मला पंख्याचा आवाज ऐकू येत नाही, कारण तो रात्रभर एकसारखा चालतो. टायपिंगचं तसं नाही. टकटक टकटक, मग गप्प. आता संपलं असं वाटून डोळा लागतो तेवढ्यात पुन्हा टकटक. त्या मधल्या गप्प वेळात कान वाट बघत बसतो. त्यात शेवटची लोकल गेल्यावर आवाज झाकायलाही काही उरत नाही. तुम्ही रबर लावा, ग्रीस लावा, पण 'आता शांत आहे' हा निकाल टाइप करणाऱ्याने द्यायचा नाही.

नियमावर बोट
रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल. ध्वनिप्रदूषण नियम, २०००.

कीबोर्डवाल्याची बायको
म्हणजे नवऱ्यावर केस टाकू?

टंकलेखकाचा नातू
आजोबा फोर्टात कोर्टाबाहेर अर्ज टाइप करून द्यायचे. मशीन गोदरेजचं. (गोदरेजने पहिला टाइपरायटर १९५५ साली काढला.) काम उरलं की मशीन घरी यायचं आणि रात्री चाळीच्या खोलीत खडखडाट. तेव्हाची माणसं कुठे कुरकुर करत होती? आता एवढ्याशा आवाजाने झोपमोड होते.

कीबोर्डवाल्याची बायको
आजीला विचारलंत?

टंकलेखकाचा नातू
आजी नाही, आईला विचारलं आत्ता. ती म्हणते आजोबा मशीनखाली जाड फेल्टचा तुकडा घालायचे, आजीनेच आणून दिला होता. म्हणजे कुरकुर होती. मागे घेतो.

पेचकस
बघा, टेबलच!

भांडुपकर
दोन रात्री प्रयोग केला. फोन आईच्या उशीशेजारी रेकॉर्डिंग लावून ठेवला. पेचकस बरोबर होते, टेबल भिंतीलाच ठोकलेलं आहे. खाली सतरंजीची चौपदरी घडी घातल्यावर धप्प आवाज जवळपास गेला. स्विच बदलून जेवढा फरक पडला होता, तेवढाच या फुकटच्या सतरंजीने पडला, हे लिहिताना जिवावर येतंय. रेकॉर्डिंगमध्ये माऊसचा क्लिक मात्र खणखणीत आहे, तिकडे आजवर लक्षच गेलं नव्हतं.

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाणाऱ्यांसाठी: स्विच हाताने बदलता येतात, म्हणजे हॉट-स्वॅप आहे का, हे आधी विचारा, नाहीतर सोल्डरिंग आलं. आणि काही स्वस्त बोर्डांची सॉकेट फक्त आउटेमू कंपनीचे स्विच घेतात. चेरी-गेटरॉनचे पाय त्यात जात नाहीत. मी आधी चुकीचे आणले, दुसरी चक्कर पडली.

मेंब्रेनवादी
दोन चकरा, नव्वद स्विच, एक सतरंजी. माझा कीबोर्ड खोक्यातून काढला आणि लावला.

कीबोर्डवाल्याची बायको
रेकॉर्डिंग राहू दे. आईंना विचारलं का?

भांडुपकर
विचारलं. म्हणाली, "बाकी ठीक आहे, ते लांबलचक बटण तेवढं सांभाळ." ग्रीस लावलं होतं, पण तारेच्या एकाच टोकाला पोचलं असावं. उद्या स्पेसबार पुन्हा काढतो.