आठवणी गेल्यावर माणसात उरतं ते काय?

माजघर:
आई ८१ वर्षांची आहे. चार वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. गेल्या श्रावणापासून ती मला "बाई" म्हणते, आणि "तुमच्या घरी कोण कोण असतं?" म्हणून विचारते. नातेवाईक धीर देतात, "अगं, शरीर थकलंय, आत्मा तसाच आहे." गीतेतलं 'वासांसि जीर्णानि' मला तिनंच शिकवलं, अर्थासकट: जुनं वस्त्र टाकावं तसा आत्मा जुना देह टाकतो. पण इथं वस्त्र अंगावरच आहे आणि नेसणारी दिसत नाही.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकनं १६९४ साली मांडलं की माणूस 'तोच' ठरतो तो आत्म्यामुळे नव्हे, तर त्याची जाणीव मागच्या आयुष्यापर्यंत पोचते म्हणून. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. ते खरं मानलं तर समोर बसलेली बाई माझी आई नाही. आणि पाण्यानं न भिजणारा, आगीत न जळणारा आत्मा खरा मानला, तर त्याच्याशी माझी कधी ओळखच नव्हती. मला हवी आहे ती, मी उशिरा आले तरी एका शब्दानं न विचारता ताट झाकून ठेवणारी. ती यातली कोण?

उंबरठा:
ताई, सांख्य दर्शनवाल्यांनी मन, बुद्धी आणि अहंकार तिन्ही प्रकृतीत घातले आहेत, जडाच्या बाजूला. पुरुष, म्हणजे त्यांचा आत्मा, नुसता पाहणारा. म्हणजे बिघाड बुद्धीत, साक्षीत नाही. मुंडक उपनिषदात एका झाडावर दोन पक्षी आहेत, एक फळ खातो, दुसरा बघत राहतो. आपली माया जडते ती खाणाऱ्यावर, म्हणून तुमची तक्रार मला रास्त वाटते. न्यायदर्शन मात्र ज्ञान आणि इच्छा आत्म्याचेच गुण मानतं. डोळ्यांनी पाहिलं तेच हातानं चाचपलं, हे जुळवणारा कुणी एक आत असलाच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

नदीकाठ:
आम्ही बौद्ध, आत्मा मानत नाही. पण म्हणून तुमची आई नाहीशी झाली असंही मी म्हणणार नाही. मिलिंद राजाला नागसेन हा बौद्ध भिक्खू विचारतो, दिवा रात्रभर जळला तर पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच का? तीच नाही, पण वेगळीही नाही. माझे वडील गेले तेव्हा मला याचाच आधार वाटला.

जुनी वही:
अॅरिस्टॉटल म्हणतो, म्हाताऱ्याला तरुणाचा डोळा मिळाला तर तो तरुणासारखाच बघेल. थकतं ते आत्म्याचं घर. इथवर तुमच्या नातेवाइकांसारखंच झालं. पण लगेच पुढे तो म्हणतो की आठवण आणि प्रेम एकट्या बुद्धीचे नव्हेत, देहासकट असलेल्या अख्ख्या माणसाचे, आणि तो माणूस मोडला की तेही संपतात. मला हे कठोर वाटतं, पण खरं वाटतं.

माजघर:
सगळ्यांचे मनापासून आभार. जुनी वही, तुमचं उत्तर मी तीनदा वाचलं. माझं दुःख नेमकं तेच आहे.

एक सांगायचं राहिलं. आई अजून वाल सोलते. भिजून मोड आलेला दाणा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरते, जरासा दाबते, डाळिंबी वाटीत आणि साल ताटलीत. न भिजलेला गणंग न बघता बाजूला काढते. काल मी चुकून एक गणंग तिच्या वाटीत टाकला. तिनं माझ्या मनगटावर चापट मारली, दोन बोटांनी, मी आठ वर्षांची असताना मारायची अगदी तशी. मग "तुमचं नाव काय?" म्हणाली.

उंबरठा, नदीकाठ, मला एवढंच विचारायचंय. मी तिला आठवत नाही, पण मला मारायची चापट आठवते. ती तुमच्या हिशोबात कुठे बसते?