संपामुळे विमान रद्द: भरपाई नाही, परतावा मात्र हक्काचा

‘कर्मचाऱ्यांच्या संपामुळे विमान रद्द झालं तर काहीच मिळत नाही’ हे म्हणणं अर्धंच खरं आहे. डीजीसीएच्या (देशाच्या विमान वाहतूक नियामकाच्या) नियमांत संप ‘असाधारण परिस्थिती’त मोडतो, म्हणून ५,००० ते १०,००० रुपयांची भरपाई बुडते. पण पूर्ण परतावा की दुसरं विमान, हे प्रवाशानेच ठरवायचं. कंपन्या क्रेडिट शेल, म्हणजे रोख पैशांऐवजी पुढच्या तिकिटासाठीची जमा रक्कम, गळ्यात मारायला बघतात. सरळ नाकारा, पैसे मूळ खात्यातच मागा.

गोव्यात आणखी एक मेख: पर्यायी विमान दुसऱ्याच विमानतळावरून निघू शकतं. तिकिटावर जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. होकाराआधी तेवढं बघा, टॅक्सीभाडं कोण देणार तेही ईमेलवर लेखी घ्या. रद्द झाल्याचा मेसेज पुसू नका, एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर तक्रार करताना तो लागतो. आणि काउंटरवरच्या मुलींवर ओरडू नका हो, ड्युटीचं रोस्टर त्या बनवत नाहीत.