चिमणीची शेपटी बघून घ्या

"इमोजी आणि मीम म्हणजे माणूस पुन्हा चित्रलिपीकडे निघालाय" हे म्हणणं झकास वाटतं, पण मला अर्धंच पटतं. प्राचीन इजिप्तच्या हायरोग्लिफ या चित्रलिपीतलं घुबड म्हणजे घुबड नव्हे, तो 'म'चा उच्चार. बरीचशी चिन्हं अशी ध्वनीचीच. फ्रेंच अभ्यासक शांपोलियोंना १८२२ मध्ये या लिपीचं कोडं सुटलं तेही हे ओळखल्यामुळे.

इमोजीशी साम्य आहे ते शब्दाच्या शेवटी. मांजराला इजिप्तवाल्यांचा शब्द 'मिऊ' (दुसरं काय असणार!). त्यात दुधाचं भांडं आणि लावा पक्ष्याचं पिल्लू येतं उच्चारापुरतं, आणि शेवटी बसलेलं मांजर, जे वाचायचंच नाही. ते फक्त अर्थ दाखवायला. लहान, वाईट, आजारी अशा शब्दांना शेवटी चिमणी! 'मोठा' या शब्दातली पाकोळी जवळजवळ तशीच दिसते, फरक फक्त शेपटीचा. आपण "बरं" लिहून पुढे डोळे फिरवणारा चेहरा टाकतो, तो अगदी या चिमणीच्या जातीचा.

मीम मात्र लिपीत नाही, देर अल-मदिना या इजिप्तमधल्या कारागिरांच्या गावातल्या चित्रांत शोधा. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममध्ये चुनखडीची एक कपची आहे, तीनेक हजार वर्षांपूर्वीची. उंदीर ऐटीत बसलाय आणि मांजर शेपूट पायांत घालून त्याची सरबराई करतंय. इटलीत तूरिनला असलेल्या पपायरसवर (लव्हाळ्याच्या कागदावर) तर उंदरांचा फॅरो, म्हणजे राजा, कुत्र्यांच्या रथातून मांजरांच्या किल्ल्यावर चालून जातो. देवळांच्या भिंतींवरच्या युद्धचित्रांचा साचा तोच, फक्त मुंडकी बदललेली.