प्रति: रोबो आणि ओरेगन ट्रेल

वर्गातल्या छोट्या रोबोच्या पाठीवर घोडागाडीसारखे कागदी छत चिकटवून तो ओरेगन ट्रेलच्या (एकोणिसाव्या शतकात वसाहतकरी ज्या वाटेने अमेरिकेच्या पश्चिमेकडे गेले तिच्या) नकाशावर फिरवला, तर मुले केवळ बाणांची बटणे दाबायला शिकतात आणि इतिहास शोभेपुरता उरतो, हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. मात्र दोष रोबोचा नसून निवडलेल्या प्रसंगाचा आहे. १८४७ मध्ये मॉर्मन या धर्मपंथाच्या वसाहतकऱ्यांचा पहिला तांडा आजच्या नेब्रास्कातून (म्हणजे पॉनी आणि इतर मूळनिवासी लोकांच्या मुलखातून, हेही मुलांना सांगावेच) पश्चिमेकडे जात असताना, रोज किती मैल कापले याचे सोबत्यांचे अंदाज तांड्यातल्या विल्यम क्लेटन यांना फुगवलेले वाटत. त्यांनी गाडीच्या चाकाचा घेर मोजला, तो १४ फूट ८ इंच भरला, म्हणजे ३६० फेऱ्यांचा नेमका एक मैल. मग चाकाशेजारून दिवसभर चालत त्यांनी फेऱ्या मोजल्या. त्या कंटाळवाण्या कामातूनच तांड्यातल्या ॲपलटन हार्मन या सुताराने लाकडी मापनयंत्र घडवले: चाकाच्या सहा फेऱ्यांना एकदा फिरणारे मळसूत्र आणि त्यात अडकलेले साठ दात्यांचे चक्र, जे मैलाला एक फेरा पूर्ण करी.

आमच्याकडच्या दुसरी-तिसरीच्या मुलांनी रोबोच्या चाकाला लाल लोकर बांधली, घेर दोऱ्याने मोजला आणि फेऱ्या तोंडी मोजल्या. प्रत्येकाचा आकडा वेगळा आला, भांडणे झाली, आणि मोजायला यंत्र हवे ही मागणी मुलांनीच केली. रोबोच्या मोटरमधला फेऱ्या मोजणारा सेन्सर तोवर मुद्दाम बंद ठेवावा.