शब्दचर्चा : शत्रूच्या काफिल्यातलं ‘तटस्थ’ जहाज

करवीरकर
संगणकावरच्या पाणबुडीच्या खेळांची मराठी मार्गदर्शिका कोल्हापुरातल्या नव्या खेळाडूंसाठी लिहिणं चालू आहे. सायलेंट हंटर ३ (दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पाणबुडी चालवायचा खेळ) च्या प्रकरणात हे वाक्य आहे: ‘शत्रूच्या काफिल्यातील तटस्थ जहाज बुडवू नये, गुण कापले जातात.’ यावर दोन शंका आल्यात. कॉन्व्हॉयला, म्हणजे युद्धनौकांच्या पहाऱ्यात एकत्र निघालेल्या जहाजांना, काफिला म्हणायचं की ताफा? आणि शत्रूच्या विनाशिकांच्या पहाऱ्यात निघालेल्या जहाजाला तटस्थ कसं म्हणायचं? त्रयस्थ किंवा अलिप्त बसेल का?

दफ्तरी
काफिलाच ठेवा. ताफा म्हटलं की मंत्र्यांच्या गाड्या डोळ्यांपुढे येतात, नाहीतर एकाच मालकाची वा एकाच नौदलाची जहाजं. कॉन्व्हॉयमध्ये मालक वेगळे, झेंडे वेगळे, माल वेगळा. एक असतो तो फक्त मार्ग आणि पहारा. शिवाय हा शब्द आपल्या किनाऱ्याला नवा नाही. गुजरात ते गोवा व्यापारी गलबतं लढाऊ जहाजांच्या सोबतीनं नेण्याच्या पद्धतीला पोर्तुगीज ‘काफिला’च म्हणत. वाळवंटातले उंट आठवले तर आठवू देत.

सोबतीच्या युद्धनौकांना ‘पहारा नौका’ किंवा सरळ एस्कॉर्ट म्हणा. ‘अंगरक्षक जहाज’ वाचलं की सिनेमा वाटतो.

मास्तर
दुसऱ्या शंकेबद्दल. त्रयस्थ म्हणजे भांडणाशी संबंध नसलेला तिसरा माणूस. हे व्यक्तीला लागतं, कायद्यातल्या दर्जाला नाही. अलिप्त हा शब्द शीतयुद्धाच्या काळात धोरणाला चिकटला, त्यामुळे १९४० च्या स्वीडनला अलिप्त म्हटलं की वाचक १९५५ च्या बांडुंग परिषदेला पोचतो. युद्धकायद्यात तटस्थ हाच शब्द रुळलेला आहे आणि तो देशाचा दर्जा सांगतो. जहाजाला तो झेंड्यामुळे मिळतो. तेव्हा ‘तटस्थ ध्वजाचं जहाज’ असं पूर्ण लिहिलं की निम्मा गोंधळ मिटतो.

उसाचा फड
पण मास्तर, उरलेला निम्मा तसाच ऱ्हातोय की. ऊसदराचं आंदोलन पेटलंय, शिरोळकडनं पोलीस बंदोबस्तात वीस ट्रॉल्या कारखान्याकडं निघाल्यात, आणि त्यात मधीच एक ट्रॉली गुऱ्हाळाची. गुऱ्हाळावर कुणाचा राग न्हाई. पण बंदोबस्तात घुसली म्हटल्यावर हवा तिचीबी सोडत्यात. मग तिला तटस्थ म्हणून काय उपयोग?

मास्तर
दाखला चपखल आहे, कारण कायदाही साधारण तसंच म्हणतो. झेंडा तटस्थच राहतो, जातं ते अभय. हे दोन शब्द वेगळे ठेवा.

१९३६ च्या लंडन करारनाम्यानं पाणबुडीला पृष्ठभागावरच्या युद्धनौकेचेच नियम लावले: व्यापारी जहाज बुडवण्याआधी प्रवासी, खलाशी आणि जहाजाची कागदपत्रं सुरक्षित जागी हलवायची. जहाजावरच्या होड्या ही सुरक्षित जागा नव्हे. हवामान बरं असेल आणि किनारा वा दुसरं जहाज जवळ असेल तरच तसं धरायचं. सूट दोनच प्रसंगी: थांबण्याचा इशारा देऊनही जहाज हट्टानं थांबत नसेल, किंवा तपासणीला सक्रिय प्रतिकार करत असेल. शत्रूच्या युद्धनौकांचा पहारा घेऊन निघणं म्हणजे प्रतिकाराची तयारी आधीच करून ठेवणं, असा अर्थ लावला गेला. सागरी युद्धाच्या १९९४ च्या सान रेमो नियमपुस्तिकेत तर ते स्पष्टच आहे: शत्रूच्या युद्धनौकांच्या किंवा लष्करी विमानांच्या पहाऱ्यात चाललेलं तटस्थ व्यापारी जहाज हल्ल्याचं लक्ष्य ठरू शकतं.

तटस्थ देशाची युद्धनौका आपल्याच व्यापारी जहाजांना सोबत करत असेल तर मात्र नियम उलटा. १९०९ च्या लंडन जाहीरनाम्यात अशा जहाजांना तपासणीतूनच सूट होती (हा जाहीरनामा पुढं मंजूर झाला नाही, पण आधार म्हणून सगळेच काढतात). म्हणून नुसतं ‘काफिल्यातील तटस्थ’ लिहू नका. पहारा कोणाचा, ते आधी सांगा.

दफ्तरी
प्रत्यक्षातली उदाहरणं मार्गदर्शिकेत घालता येतील. १९३९-४० च्या हिवाळ्यात स्कॉटलंडमधलं मेथिल आणि नॉर्वेतलं बर्गन यांच्यामध्ये ओएन आणि एचएन नावाचे काफिले चालत. पहारा ब्रिटिश, आणि आत नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्कची जहाजं, म्हणजे तेव्हाचे तटस्थच. आयर्लंडचं क्लोनलारा हे जहाज ओजी ७१ या काफिल्यात होतं. २२ ऑगस्ट १९४१ रोजी यू-५६४ या जर्मन पाणबुडीनं ते बुडवलं. त्यानंतर आयरिश जहाजांनी काफिल्याचा नाद सोडला आणि बाजूवर झेंडा नि देशाचं नाव ठळक रंगवून, रात्री दिवे लावून, एकटीच ये-जा सुरू केली.

तिसरा प्रकार सगळ्यात अडचणीचा. १९४१ च्या सप्टेंबरपासून अमेरिकन विनाशिका अटलांटिकमधल्या काफिल्यांना सोबत करू लागल्या, आणि अमेरिका तेव्हा युद्धात नव्हती. ३१ ऑक्टोबरला एचएक्स १५६ या काफिल्याबरोबरची विनाशिका रूबेन जेम्स यू-५५२ नं बुडवली. इथं पहारेकरीच तटस्थ आणि आतली जहाजं युद्ध करणाऱ्यांची!

पेरिस्कोप
कायदा झाला, आता खेळाचं बघू, कारण मूळ वाक्य खेळाबद्दल आहे. सायलेंट हंटर ३ पहारा कोणाचा हे बघत नाही. देश कोणत्या बाजूचा तेवढंच बघतो. रोस्टर फोल्डरमधल्या डेफसाइड फाइलमध्ये प्रत्येक देशापुढे आकडा असतो: ० तटस्थ, १ मित्रराष्ट्रं, २ अक्षराष्ट्रं, आणि सोबत तारखा. म्हणजे ९ एप्रिल १९४० च्या आधी नॉर्वेचं जहाज ०, त्यानंतर १. हॉलंड-बेल्जियमचा पालट १० मे १९४० ला, अमेरिकेचा डिसेंबर १९४१ ला, ब्राझीलचा ऑगस्ट १९४२ ला. स्वीडन, स्पेन, पोर्तुगाल, आयर्लंड शेवटपर्यंत तटस्थ. ० असलेलं जहाज बुडालं की रिनाउन (खेळातले गुण) वजा, मग ते काफिल्याच्या मधोमध असो नाहीतर एकटं. म्हणून करवीरकर, तुमचं वाक्य खेळापुरतं बरोबर आहे, इतिहासाला मात्र लागू नाही. तसं तिथं लिहाच, नाहीतर पोरं खेळाचे गुण म्हणजे कायदा समजतील.

कुणाला तारखा बदलायच्या असतील तर मूळ फाइलची प्रत आधी काढून ठेवा आणि बदल बोट बंदरात असतानाच करा. गस्त अर्धी झालेली असताना फाइलीला हात लावला की सेव्ह बिघडायची भीती असते.

उसाचा फड
आणि वळखायचं कसं? नकाशावर हिरवं दिसतंय तंवर ठीक हाय.

पेरिस्कोप
लाल शत्रू, निळं आपलं, हिरवं तटस्थ. पण नकाशावर संपर्क न दाखवण्याचा वास्तवतेचा पर्याय लावला की रंग गेले, मग फक्त झेंडा. तो मागच्या काठीवर असतो आणि वाऱ्याच्या दिशेनं फडकतो. वारा तुमच्याकडून जहाजाकडं किंवा उलट वाहत असेल तर कापडाची कडाच दिसते, रंग कळत नाहीत. जागा बदलून वारा आडवा घ्या.

रात्री झेंडा ओळखायला इतकं जवळ जावं लागतं की एस्कॉर्टच्या तावडीत सापडता. त्यासाठी दिवसा लांबून पाठलाग करत जागा टिपून ठेवायची आणि हल्ला रात्री करायचा. टिपायला काफिल्याचीच पद्धत वापरा: रांगा डावीकडून मोजायच्या, मग रांगेतला क्रमांक. ३२ म्हणजे तिसऱ्या रांगेतलं दुसरं जहाज. पहिला स्फोट होईपर्यंतच ही टिपणी कामाची. एकदा जहाजं नागमोडी पळायला लागली की तिच्यावर विसंबू नका.

खरी चूक होते ती चुकलेल्या टॉर्पेडोनं. हिशेब बघा. खऱ्या काफिल्यात दोन रांगांमध्ये साधारण १००० यार्ड, म्हणजे ९१४ मीटर अंतर असे. खेळात मिशन फाइलप्रमाणे ते कमीजास्त होतं, तेव्हा आधी मोजून घ्या. जी७ई हा टॉर्पेडो ३० नॉटनं, म्हणजे सेकंदाला सुमारे १५.४ मीटर जातो. पहिल्या रांगेत नेम हुकला तर ५९ सेकंदांनी तो दुसऱ्या रांगेत. काफिला ७ नॉटनं चालला असेल तर तेवढ्यात सगळी जहाजं सुमारे २१० मीटर पुढं सरकलेली. म्हणून मागच्या रांगेत आत्ता नेमाच्या रेषेवर कोण आहे ते बघून भागत नाही, रेषेच्या २१० मीटर मागं कोण आहे ते बघायचं. तिसऱ्या रांगेसाठी ४२० मीटर. हा आकडा टॉर्पेडो काटकोनात जात असेल तेव्हाचा. तिरका मारलात तर वाट लांबते, हिशेब पुन्हा मांडा. पल्ला ५००० मीटर आहे, तेव्हा पाच रांगा ओलांडूनही तो कुणाला तरी गाठू शकतो. आणि फाट टॉर्पेडो पुढं जाऊन वळणं घेत फिरतो. काफिल्यात स्वीडन आहे हे माहीत असताना तो सोडणं म्हणजे गुण घालवायची हौस.

करवीरकर
वाक्य असं केलं: ‘शत्रूच्या पहाऱ्यातील तटस्थ ध्वजाचं जहाज: खेळात गुण वजा होतात, युद्धकायद्यात अशा जहाजाचं अभय जातं.’ पुढं ‘निषिद्ध क्षेत्रात शिरलेल्या तटस्थ जहाजालाही हेच लागू’ असं जोडू का?

मास्तर
नको, ते मोडा. जर्मनीनं १७ ऑगस्ट १९४० ला ब्रिटनभोवतीचं पाणी संपूर्ण नाकेबंदीचं क्षेत्र जाहीर केलं, तरी क्षेत्रात शिरणं आणि काफिल्यात शिरणं एक नव्हे. युद्धगुन्ह्यांच्या खटल्यातल्या १९४६ च्या न्यूरेंबर्ग निकालानं जर्मन पाणबुडी दलाचा प्रमुख डोनिट्झ याला सशस्त्र ब्रिटिश व्यापारी जहाजांवरच्या हल्ल्यांबद्दल दोषी धरलं नाही. पण क्षेत्रं जाहीर करून त्यांत शिरलेली तटस्थ जहाजं इशाऱ्याविना बुडवणं हा १९३६ च्या करारनाम्याचा भंग ठरवला. दोन्ही गोष्टी एका वाक्यात कोंबल्या तर नेमका हाच फरक पुसला जाईल.

उसाचा फड
काफिल्यातनं मागं पडलेल्याला काय म्हणायचं? मार्गदर्शिकेत ‘स्ट्रॅगलर’ तसंच ठेवलंय.

दफ्तरी
चुकार जहाज. कळपातनं सुटलेल्या जनावराला म्हणतो तसंच.

पेरिस्कोप
चुकार चांगला आहे. फक्त तिथं एक ओळ घाला: तटस्थ ध्वजाचं जहाज चुकार झालं की पहारा सुटतो, मग थांबवा, कागद बघा हा नियम परत लागू. सायलेंट हंटर ३ मध्ये जहाज थांबवून कागद तपासायची सोयच नाही, तेव्हा झेंडा बघून ० असेल तर सोडून द्यायचं आणि टॉर्पेडो काफिल्यासाठी राखायचा.